बेनिफिट्स चालू असताना जोडीदाराला ब्रिटनला बोलवायचं: सूट, २९,००० पौंड की अपवादाचा मार्ग?

ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसासाठी स्पॉन्सरने, म्हणजे तिथे राहून जोडीदाराला बोलावणाऱ्याने, वर्षाला २९,००० पौंडांचं उत्पन्न दाखवायचं असतं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. त्यातून दोन समज पसरले आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला समज असा, की बेनिफिट (सरकारी भत्ता) घेणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसा मिळतच नाही. दुसरा असा, की बेनिफिट घेतलं की उत्पन्नाची अट आपोआप माफ होते. प्रत्यक्षात सगळं दोन गोष्टींवर ठरतं: बेनिफिट कोणतं आहे, आणि ते कोणाच्या नावावर आहे.

हा आढावा ब्रिटिश नागरिक, आयरिश नागरिक किंवा तिथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या स्पॉन्सरसाठी आहे. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या माणसाला मुळात बेनिफिट्स नसतात आणि त्याच्या जोडीदाराचे नियमही वेगळे असतात. खालचे सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. भत्त्यांचे दर दर एप्रिलला बदलतात, व्हिसाची फीसुद्धा बहुधा त्याच सुमारास वाढते, म्हणून गणित इथून शिका आणि आकडे अर्जाच्या दिवशीचे घाला.

पहिलं दार: सूट

होम ऑफिसच्या (ब्रिटनच्या गृहखात्याच्या) कौटुंबिक व्हिसाच्या नियमांत, म्हणजे अपेंडिक्स एफएममध्ये, काही भत्त्यांची यादी आहे. स्पॉन्सरला त्यातलं एक जरी मिळत असेल तरी २९,००० ची अट लागत नाही. यादीतली नेहमी भेटणारी नावं अशी: पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट (दीर्घ आजार किंवा अपंगत्वाचा भत्ता, सगळे ‘पिप’ म्हणतात), डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, अटेंडन्स अलाउन्स, केअरर्स अलाउन्स, इंडस्ट्रियल इंज्युरीज डिसेबलमेंट बेनिफिट. सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या दुखापतींच्या काही पेन्शनी व भत्तेही त्यात येतात. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी पिपच्या जागी ॲडल्ट डिसेबिलिटी पेमेंट आणि केअरर्स अलाउन्सच्या जागी केअरर सपोर्ट पेमेंट चालतं.

यादीत काय नाही, हे जास्त महत्त्वाचं, कारण गफलत तिथेच होते. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा मुख्य भत्ता, यादीत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये आजारपणासाठी मिळणारी जादा रक्कम यादीत नाही. त्यातच काळजीवाहकाला मिळणारा ‘केअरर एलिमेंट’ही नाही, जरी तो नेमक्या त्याच कामासाठी असला तरी. एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स, हाउसिंग बेनिफिट, पेन्शन क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, यांतलं काहीच नाही. म्हणजे दोन बायका आपापल्या आईची सारखीच सेवा करत असतील, आणि एकीने केअरर्स अलाउन्सचा अर्ज केला असेल पण दुसरीने फक्त युनिव्हर्सल क्रेडिटमधला केअरर एलिमेंट घेतला असेल, तर पहिलीला सूट मिळेल आणि दुसरीला २९,००० दाखवावे लागतील.

नावाचा मुद्दाही असाच. भत्ता स्पॉन्सरचा स्वतःचा हवा. मुलाला डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स मिळतो आणि पैसे आईच्या खात्यात जमा होतात, तरी तो भत्ता मुलाचाच. त्याच्या जोरावर आईला सूट मिळत नाही. पण मुलाचा भत्ता पात्र दराचा असेल आणि आई आठवड्याला किमान ३५ तास त्याची काळजी घेत असेल, तर तिला केअरर्स अलाउन्स मागता येतो. तो मिळाला की सूट तिची स्वतःची होते.

आणखी एक बाब फार जणांच्या लक्षात येत नाही. पिप हा गरिबीचा भत्ता नाही. नोकरी, पगार, बचत यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. वर्षाला २४,००० पगार घेणारा आणि फक्त चालण्याफिरण्याच्या अडचणीसाठी पिप मिळणारा माणूसही सूट मिळायला पात्र असतो. असे कितीतरी लोक उरलेल्या ५,००० पौंडांसाठी दुसरी नोकरी धरतात, जिची गरजच नसते.

सूट म्हणजे पैशाची परीक्षा नाही असं नाही

२९,००० ची अट गेली की तिच्या जागी दुसरी येते: ‘ॲडिक्वेट मेंटेनन्स’, म्हणजे दोघांचा पुरेसा निर्वाह. तिचं सूत्र सोपं आहे. आठवड्याचं हातात येणारं उत्पन्न घ्या, त्यातून घरभाडं किंवा गृहकर्जाचा हप्ता आणि काउन्सिल टॅक्स (स्थानिक घरपट्टी) वजा करा. जे उरेल ते तेवढ्याच कुटुंबाला इन्कम सपोर्टच्या (किमान निर्वाहाच्या जुन्या भत्त्याच्या) दराने मिळालं असतं त्याहून कमी नको. हे माप २००६ च्या ‘केए’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रायब्युनलच्या निकालातून पक्कं झालं. सरकार जी रक्कम किमान मानतं त्याखाली कुणाचं कुटुंब जगू नये, हा त्यामागचा विचार.

२०२५-२६ साठी जोडप्याचा आकडा आठवड्याला १४४.६५ पौंड आहे. एक मूल असेल तर त्यात ८४.६६ आणि कुटुंबाचा प्रीमियम १९.४८ मिळवा, म्हणजे २४८.७९. दुसऱ्या मुलासाठी आणखी ८४.६६. मूल ब्रिटिश नागरिक असलं तरी घरात खाणारं तोंड म्हणून ते मोजलं जातंच.

उत्पन्नाच्या बाजूला, २९,००० च्या मार्गापेक्षा अगदी वेगळं, स्पॉन्सरचे सगळे भत्ते धरता येतात. पिप, युनिव्हर्सल क्रेडिट, त्यातला घरभाड्याचा भाग, सगळं. एक उदाहरण करू. स्पॉन्सर पंचविशीपुढची, एकटी, आजारपणामुळे काम न करणारी. युनिव्हर्सल क्रेडिटची मूळ रक्कम महिन्याला ४००.१४, आजारपणाची ४२३.२७ आणि भाड्याचे ८५० मिळून १,६७३.४१. आठवड्याला ३८६.१७. त्यात पिपचा दैनंदिन जीवनाचा साधा दर ७३.९०. एकूण ४६०.०७. भाडं आठवड्याला १९६.१५ आणि सवलतीनंतर काउन्सिल टॅक्स ६ धरला, तर उरतात २५७.९२. हवे होते १४४.६५. आरामात पास.

दुसरं उदाहरण काठावरचं. स्पॉन्सर केअरर्स अलाउन्स घेतो (८३.३०) आणि किमान वेतनावर आठवड्याला १६ तास काम करतो (१९५.३६). युनिव्हर्सल क्रेडिट मागितलेलंच नाही. एकूण २७८.६६. भाडं महिन्याला ६००, म्हणजे आठवड्याला १३८.४६, काउन्सिल टॅक्स ३०. उरले ११०.२०. आठवड्याला ३४.४५ पौंड कमी पडतात, आणि अर्ज नामंजूर होऊ शकतो. इथे दोन उपाय आहेत. एक, हक्काचं असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट आधी सुरू करून घ्यायचं. दुसरा, बचत दाखवायची: बचत व्हिसाच्या आठवड्यांनी भागून येणारी रक्कम उत्पन्नात मिळवतात. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा, म्हणजे सुमारे १४३ आठवडे. ३४.४५ गुणिले १४३ म्हणजे ४,९२६ पौंडांची बचत ही तूट भरून काढते. काठोकाठ न दाखवता ५,५०० च्या आसपास ठेवलेली बरी, आणि ती अर्जाआधी किमान सहा महिने खात्यात पडून असेल तर प्रश्न विचारायला जागा उरत नाही.

आईवडिलांच्या घरी बिनभाड्याने राहणाऱ्याचं गणित फारच हलकं होतं. पिपचा वरचा दर ११०.४० आणि युनिव्हर्सल क्रेडिटची मूळ रक्कम आठवड्याला ९२.३४ मिळून २०२.७४. वजा करायला जवळजवळ काहीच नाही. मात्र घरमालक असलेल्या आईवडिलांचं पत्र आणि घरात गर्दी होत नाही याचा पुरावा लागतो.

हिशेबात नेहमी होणारी चूक म्हणजे महिन्याच्या रकमेला चारने भागणं. महिन्यात चार आठवडे नसतात, थोडे जास्त असतात, म्हणून बाराने गुणून बावन्नने भागायचं. ८५० ला चारने भागलं तर भाडं २१२.५० दिसतं, खरं १९६.१५ आहे. उलट पिप दर चार आठवड्यांनी येतं, तिथे चारने भागणंच बरोबर. खात्यातल्या नोंदी बघून कोणती रक्कम किती दिवसांनी येते ते आधी ठरवा.

दुसरी चूक काउन्सिल टॅक्सची. एकट्याने राहणाऱ्याला २५ टक्के सवलत असते. जोडीदार आला की ती जाते. गणितात जोडीदार आल्यानंतरचा आकडा घाला.

सूट मिळवायला लागणारा पुरावा हलका असतो आणि हा या दाराचा मोठा फायदा आहे. डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्सचं चालू हक्क व रक्कम सांगणारं पत्र, आणि गेल्या बारा महिन्यांतलं किमान एक बँक स्टेटमेंट ज्यात तो भत्ता जमा झालेला दिसतो. बाकीच्या उत्पन्नासाठी मात्र पगारपत्रकं, युनिव्हर्सल क्रेडिटची मासिक विवरणं, भाडेकरार आणि काउन्सिल टॅक्सचं बिल जोडायला हवं. भत्ता अर्जाच्या तारखेला चालू असायला हवा. पिपचा अर्ज केला आहे, निर्णय यायचा आहे, अशा अवस्थेत सूट नसते. पत्रावर मुदत संपायची तारीख दोन महिन्यांवर असेल तर आधी नूतनीकरणाकडे बघा.

केअरर्स अलाउन्सवर विसंबणाऱ्यांनी एक कडा लक्षात ठेवायची. कमाईची मर्यादा आठवड्याला १९६ पौंड आहे, कर वगैरे वजा जाऊन. किमान वेतनावर १६ तासांचे १९५.३६ होतात. म्हणजे ६४ पेन्सचं अंतर! इथे पैसे हळूहळू कमी होत नाहीत. मर्यादा ओलांडली की त्या आठवड्याचा भत्ता पूर्ण जातो. एखादी जादा शिफ्ट घेतली आणि ती अर्जाच्या आठवड्यात आली, तर भत्त्याबरोबर सूटही धोक्यात येते.

दुसरं दार: २९,०००

ही रक्कम ११ एप्रिल २०२४ पासूनची. त्याआधी, जुलै २०१२ पासून, ती १८,६०० होती आणि मुलांसाठी वर रक्कम लागायची. आता मुलांसाठी वाढ नाही. २०२४ च्या त्या तारखेआधी ज्यांनी पहिला अर्ज केला आणि त्याच जोडीदारासोबत मुदतवाढ घेत आहेत, त्यांना जुनाच आकडा लागतो. पुढे ३४,५०० आणि ३८,७०० पर्यंत नेण्याचा बेत जुलै २०२४ मध्ये आलेल्या सरकारने थांबवला.

बेनिफिट घेणाऱ्यासाठी इथली मुख्य अडचण अशी, की युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, चाइल्ड बेनिफिट, पेन्शन क्रेडिट, एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स यांतला एक पैसाही उत्पन्नात धरत नाहीत. वीस हजार पगार आणि नऊ हजार युनिव्हर्सल क्रेडिट यांची बेरीज २९,००० होत नाही, वीसच राहते. पण पगार २९,००० असून वर थोडं युनिव्हर्सल क्रेडिटही मिळतंय, याने अर्जाला धक्का लागत नाही. ते फक्त मोजत नाहीत. स्टेट पेन्शन, मॅटर्निटी अलाउन्स, स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे आणि सिक पे मात्र धरले जातात.

किमान वेतनावर आठवड्याला ३७.५ तास पूर्ण वर्ष केले तरी २३,८०९.५० होतात. पूर्ण वेळ काम करणाऱ्याचीही इथे दमछाक होते ती यामुळे. शिवाय पहिल्या अर्जात भारतात असलेल्या जोडीदाराचा पगार धरत नाहीत, मग तो पुण्याच्या आयटी कंपनीत कितीही असो. पगार हवा स्पॉन्सरचा. एकाच मालकाकडे सहा महिने झाले असतील तर सहा महिन्यांची पगारपत्रकं, तेवढ्याच काळाची स्टेटमेंटं आणि मालकाचं पत्र पुरतं. पगारपत्रकावरचा निव्वळ आकडा आणि स्टेटमेंटमधली जमा रक्कम जुळायला हवी. तासांवर पगार असेल तर सहा महिन्यांची सरासरी काढून वर्षाचा आकडा करतात. सहा महिने झाले नसतील तर दोन्ही दाखवावं लागतं: आत्ताचा पगार २९,००० च्या दराचा आहे, आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष तेवढे कमावले आहेत. शेवटचं स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधीच्या २८ दिवसांतलं नसलं तर कागद शिळे ठरतात.

बचतीचा सापळा

पगार कमी पडत असेल तर बचत जोडता येते, पण पहिले १६,००० पौंड मोजतच नाहीत. त्यावरच्या रकमेला अडीचने भागून जे येईल ते वर्षाचं उत्पन्न. वरच्या किमान वेतनवाल्याची तूट ५,१९०.५० आहे. त्याला १६,००० अधिक १२,९७६.२५, म्हणजे २८,९७६.२५ पौंड लागतील. पगार शून्य असेल तर ८८,५००. स्वतंत्र धंद्याच्या उत्पन्नाला बचतीची जोड देता येत नाही.

आता हे बेनिफिटच्या बाजूने बघा. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ६,००० च्या वर बचत गेली की रक्कम कापायला सुरुवात होते आणि १६,००० च्या वर हक्कच संपतो. होम ऑफिसने १६,००० हा आकडा तिथूनच उचलला आहे. म्हणजे ज्या बचतीने व्हिसा मिळायला सुरुवात होते, नेमकी तिथेच भत्ता बंद झालेला असतो. युनिव्हर्सल क्रेडिटवरच्या माणसाने नातेवाइकांकडून तीस हजार पौंड खात्यात आणून सहा महिने ठेवायचं म्हणजे त्या सहा महिन्यांचा भत्ता घालवणं. न कळवता ठेवले तर वसुली आणि दंड. पिप आणि केअरर्स अलाउन्सला बचतीची मर्यादा नाही, पण ज्यांना ते मिळतं त्यांना या दाराने यायचं कारण नसतं.

बचत सहा महिने स्पॉन्सरच्या, अर्जदाराच्या किंवा दोघांच्या नावावर हवी. भारतातली मुदत ठेव चालते, दंड भरून का होईना पण लगेच मोडता आली पाहिजे. भेट म्हणून आलेले पैसे चालतात, कर्ज चालत नाही. सासऱ्यांनी ‘मी दरमहा पाठवीन’ असं लिहून दिलेलं पत्र या दारात कामाचं नाही.

सहा महिन्यांच्या अटीला एक उपयोगी अपवाद आहे. जमीन, घर किंवा इमारत गेल्या सहा महिन्यांत विकून पैसे आले असतील तर ते लगेच धरता येतात. मालमत्ता स्पॉन्सरच्या, अर्जदाराच्या किंवा दोघांच्या नावावर असली पाहिजे आणि फक्त आपल्या हिश्श्याची, कर्ज फिटल्यावर उरलेली रक्कम धरतात. गावाकडच्या शेताच्या बाबतीत इथेच घोळ होतो. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव असेल तर विक्रीचे पैसे वडिलांचे, मुलाला ते भेट म्हणूनच मिळतात आणि सहा महिने थांबावं लागतं. चार भावांची नावं असतील तर एकाचा वाटा. सातबारा, फेरफार, खरेदीखत, सगळ्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. म्हणून विक्रीच्या आधी फेरफार पूर्ण करून घ्या.

तिसरं दार: अपवाद

पहिली दोन्ही दारं बंद असतील तरच इकडे या. व्हिसा नाकारल्याने अर्जदाराला, जोडीदाराला किंवा मुलाला अवाजवी कठोर परिणाम भोगावे लागतील असं दाखवता आलं, तर होम ऑफिस इतर पैशाचे मार्गही बघतं: तिसऱ्या व्यक्तीची भक्कम मदत, जोडीदाराला ब्रिटनमध्ये मिळणारी खात्रीची नोकरी वगैरे. ही वाट २०१७ च्या ‘एमएम लेबनॉन’ या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर नियमांत आली. कोर्टाने उत्पन्नाची अट तत्त्वतः मान्य केली, पण मुलांचं हित आणि पैशाचे इतर मार्ग पुरेसे बघितले जात नाहीत हे दाखवून दिलं.

या दाराने आत गेलेल्याला कायम वास्तव्यासाठी पाच नव्हे, दहा वर्षं थांबावं लागतं. खर्चाचा फरक बघा. बाहेरून पहिला अर्ज १,९३८ आणि आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायची रक्कम) ३,१०५, मिळून ५,०४३. देशातून प्रत्येक मुदतवाढ १,३२१ आणि अधिभार २,५८७.५०, मिळून ३,९०८.५०. कायम वास्तव्य ३,०२९. पाच वर्षांच्या मार्गाला एकूण ११,९८०.५० लागतात. दहा वर्षांच्या मार्गाला तीन मुदतवाढी धरून १९,७९७.५०. पुढे उत्पन्न वाढलं तर पाच वर्षांच्या मार्गावर येता येतं, पण घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. शिवाय २०२५ मध्ये सरकारने स्थायिक होण्याच्या नियमांत मोठे बदल सुचवले आहेत, त्यामुळे दहा वर्षांचा हिशेब आज मांडताना तो हलू शकतो हे धरूनच चाला.

‘आम्ही वेगळे राहतोय, त्रास होतोय’ एवढ्याने कठोर परिणाम सिद्ध होत नाहीत. डॉक्टरांचे अहवाल, मुलाच्या शाळेची पत्रं, भारतात एकत्र राहणं का शक्य नाही याची कागदोपत्री कारणं, असं भारी काम आहे. या दारात वकिलाशिवाय जाऊ नये.

गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांसाठी

स्विंडन, साउथॉल, लेस्टर इथे पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले गोंयकार बरेच आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना युरोपीय नागरिकांच्या सेटलमेंट योजनेखाली दर्जा मिळालेला आहे, त्यांनी वरचं सगळं गणित करण्याआधी लग्नाची तारीख बघावी. लग्न ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं असेल, किंवा तेव्हापासून टिकाऊ नातं असल्याचा पुरावा असेल, तर त्या योजनेच्या फॅमिली परमिटला फी नाही आणि किमान उत्पन्नाची अटही नाही. नातं त्यानंतरचं असेल तर मात्र अपेंडिक्स एफएमच.

मग कोणतं निवडायचं?

यादीतला भत्ता चालू असेल आणि आठवड्याचं गणित जुळत असेल, तर पहिल्या दाराने जा. २९,००० ही जुळत असतील तरी पहिलं दार सोपं, कारण पगाराच्या कागदांत चुकांना वाव जास्त असतो. फक्त ही सूट पाच वर्षांसाठी एकदाच मिळत नाही. ३३ महिन्यांच्या व्हिसानंतर मुदतवाढीला आणि मग कायम वास्तव्याला, दोन्ही वेळा तपासतात. मधल्या काळात पिपच्या फेरतपासणीत भत्ता गेला, किंवा ज्यांची काळजी घेत होता ते वारले आणि केअरर्स अलाउन्स थांबला, तर पुढच्या अर्जाला २९,००० लागतात.

त्यावरचा उतारा जोडीदाराच्या हातात असतो. ब्रिटनमध्ये आल्यावर त्याला काम करायची पूर्ण मुभा असते, आणि मुदतवाढीच्या अर्जात त्याचा ब्रिटनमधला पगार धरतात, दोघांचा मिळूनही. म्हणून सूट घेऊन आलेल्या जोडप्यानेही पहिल्या वर्षातच जोडीदाराची नोकरी लावावी आणि पगारपत्रकं जपून ठेवावीत. घरी बसून सेवा करण्यासाठीच त्याला बोलावलं असेल तर एक कडू बाब आधीच समजून घ्या: सेवा तो कितीही करो, केअरर्स अलाउन्स त्याला मागता येत नाही. तो भत्ता सार्वजनिक निधीत (सरकारी भत्ते वगैरे) मोडतो आणि त्याच्या व्हिसावर सार्वजनिक निधीला मनाई असते.

स्पॉन्सरला स्वतःचे भत्ते पुढेही घेता येतात, पण जोडीदार आल्याची माहिती त्याच महिन्यात युनिव्हर्सल क्रेडिटला द्यायलाच हवी. सार्वजनिक निधीची मनाई असलेला जोडीदार असेल तर मूळ रक्कम एकट्याचीच मिळते, जोडप्याची नाही. त्याचा पगार मात्र मोजतात आणि सवलतीच्या मर्यादेवरच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापतात. एकट्या राहणाऱ्या अपंगाला जुन्या भत्त्यांत मिळणारा सिव्हिअर डिसेबिलिटी प्रीमियमही जोडीदार आल्यावर सहसा जातो. तो जाऊनही घर चालेल ना, हा हिशेब होम ऑफिसला दाखवायच्या कागदापेक्षा वेगळ्या कागदावर करा.

यादीतला भत्ता नाही, फक्त युनिव्हर्सल क्रेडिट आहे, आणि आजार किंवा काळजीवाहकाचं काम खरं आहे, अशांनी नोकरीचे तास वाढवण्याआधी पिप किंवा केअरर्स अलाउन्सचा हक्क आहे का ते सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत विचारून घ्यावं. पिपसाठी त्रास तीन महिने झालेला आणि पुढे नऊ महिने राहण्याची शक्यता असावी लागते. निर्णयाला महिने लागतात, पण २९,००० पर्यंत पोचायला त्याहून जास्त लागू शकतात. हक्क नसेल तर सरळ दुसरं दार, आणि मध्ये नोकरी न बदलता सहा महिने.

फीसाठी एक शेवटची सोय. सूट घेऊन पाच वर्षांच्या वाटेवर असलेला जोडीदार देशात राहून मुदतवाढ मागत असेल आणि पैसे खरोखरच नसतील, तर फी माफीचा अर्ज करता येतो, त्यात आरोग्य अधिभारही येतो. २९,००० च्या मार्गाने आलेल्याला सहसा ही सोय नसते. माफीचा अर्ज व्हिसा संपायच्या आत आणि मुदतवाढीच्या अर्जाआधी करायचा, आधी पैसे भरून नंतर परत मागायची पद्धत नाही.